मासा कोरलेला माउथपीस

बामा मास्तर सॅक्सोफोन बँडच्या खोलीत ठेवून घरी जायचे, पण माउथपीस तिथं कधी ठेवला नाही. तो काढायचा, पाणी झटकायचं, रुमालात गुंडाळायचा आणि बंडीच्या आतल्या खिशात घालायचा. सॅक्सोफोन मालकाचा, माउथपीस माझा, अशी त्यांची वाटणी. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, सॅक्सोफोनचं जे टोक तोंडात धरतात तो माउथपीस. काळा, अंगठ्याहून जरा मोठा, पुढून चोचीसारखा उतरता. त्याच्या खालच्या अंगाला एक पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणायचं. फुंकर गेली की रीड थरथरते आणि मग मागचं पितळ बोलायला लागतं. मास्तर म्हणायचे, पितळ काय, शेजारणीसारखं हाय, आपण सांगू ते गावभर करतं. सांगणारं तोंड हे.

आमचा बँड पनवेलचा, खोली उरण नाक्याजवळ. मी झांज वाजवायचो. झांज मला का दिली ते पण सांगून टाकतो. आधी ढोल दिला होता. मी डावखुरा, त्यामुळे रांगेत माझी टिपरी उलट्या बाजूनं यायची आणि शेजारच्याच्या कानाखाली बसायची. तिसरा शेजारी बदलल्यावर मालकानं झांज दिली. तिला डावं-उजवं नसतं. शाळेतही माझं असंच झालं होतं, चौथीतल्या बाईंनी वडिलांना बोलावून विचारलं होतं की याची बाकावरची जागा दुसऱ्या कोणाला देता येईल का.

एकदा मी मास्तरांच्या मागं लागलो, मला सॅक्सोफोन शिकवा. ते विचुंब्याला राहायचे, मालकाकडून सॅक्सोफोन मागून घेऊन तिथं गेलो. पहिल्यांदा फुंकलं तर काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा डोळे मिटून फुंकलं तर मागच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली आणि काकू, म्हणजे मास्तरांची बायको, हातात झारा घेऊन बाहेर आल्या आणि कोणाचा बोकड कुठं अडकलाय म्हणून विचारायला लागल्या. मास्तरांनी सॅक्सोफोन हळूच माझ्या हातातून काढून घेतला.

"फुंकर चांगली हाय तुझी, पद्या," ते म्हणाले. "चूल पेटवायला."

माणूस बारका. गाल आत गेलेले. बाकीचे फुंकणारे वाजवताना गाल असे फुगवतात की बघणाऱ्याला भीती वाटते, मास्तरांचे गाल जागेवरून हलायचे नाहीत. बँडचा लाल कोट त्यांना दोन माप मोठा होता, त्यामुळे लांबून बघितलं तर कोटच सॅक्सोफोन वाजवतोय असं वाटायचं. वरचे दात वयाबरोबर पडत गेले, शेवटी समोरचे दोनच उरले. दाताच्या डॉक्टरनं सांगितलं, हे पण काढू, कवळी बसवू. मास्तर म्हणाले, हे दोन जेवायचे नायत, धंद्याचे हायत. ते दोन दात माउथपीसवर इतकी वर्षं एकाच जागी टेकले होते की तिथं दोन खळगे पडले होते. अंधारात सुद्धा दात बरोबर आपापल्या खळग्यात जाऊन बसायचे, गाय गोठ्यात जाते तसे.

मास्तरांची ख्याती मात्र वाजवण्याइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची होती. पेण, उरण, कर्जत, कुठून कुठून बँडवाले त्यांच्याकडे माउथपीस घेऊन यायचे, किंमत करून घ्यायला. जुना विकायचाय, नवा घ्यायचाय, कोणी फसवलं तर नाही ना. मास्तर ओट्यावर बसून आधी तो तळहातावर घासायचे आणि वास घ्यायचे. जळक्या रबराचा वास आला तर जुन्या कडक रबराचा, नाहीतर प्लास्टिक. मग उन्हाकडे धरून चोचीची कड बघायचे. मग रीड जिभेनं ओली करून बांधायची, मागचं भोक तळहातानं दाबायचं, पुढून हवा ओढून घ्यायची आणि तोंडातून काढून नुसता हातात धरून ठेवायचा. रीड माउथपीसला चिकटून राहते. आतली ओढ संपली की टप् करून सुटते. मास्तर मनात आकडे मोजायचे. दोनवर सुटली तर माउथपीस वाकडा. पाचवर सुटली तर बरा. सातच्या पुढं गेली तर आणणाऱ्याकडे बघून विचारायचे, जेवून जाणार का.

आणि किंमत रुपयात कधी सांगितली नाही. आमच्या आगरी गावांत लग्नापेक्षा हळद मोठी, बँडला खरं काम हळदीला. मास्तर किंमत हळदीत सांगायचे. हा दोन हळदींचा. हा पाच हळदींचा, कमी देऊ नको. त्याचं कारण त्यांच्याकडे होतं. रुपया दरवर्षी पातळ होतो, पण हळदीला उभं राहून पाय जेवढे दुखतात तेवढे दुखतातच.

एकदा एक बिल्डर आला. मूळचा आमच्यातलाच, शेतं गेली आणि टॉवर आले तशातला. पोराला हौस म्हणून परदेशी माउथपीस मागवलेला, सोन्याचं पाणी दिलेला. मास्तरांनी वास घेतला, हवा ओढली, टप् लगेच झालं. म्हणाले, दीड हळद. बिल्डर तापला, मास्तर, माझ्याकडे बिल हाय, दाखवू का. मास्तर म्हणाले, दाखवू नको. बिल वाजव.

दुसऱ्यांची एवढी किंमत करणारा हा माणूस, स्वतःच्या माउथपीसची किंमत मात्र कोणी विचारली की उठून आत जायचा. तो त्यांना जुजे मिस्त्रीनं करून दिला होता. जुजे मिस्त्री पनवेलच्या जुन्या बाजारात लेथवर बसायचा, पंपाचे नि गिरणीचे भाग करायचा आणि हौस आली की कडक रबराच्या दांड्यातून माउथपीस कातायचा. मास्तर तेव्हा पंचविशीचे. आठ दिवस रोज संध्याकाळी जायचे, फुंकून दाखवायचे, मिस्त्री ऐकायचा, कानस मारायचा, परत फुंक म्हणायचा. नवव्या दिवशी त्यानं आत, जिथं कोणाची नजर जात नाही तिथं, खिळ्यानं एक मासा कोरला. मजुरी म्हणून मास्तरांनी खाडीतले निवटे मासे नेऊन दिले, टोपलीभर. तो मासा म्हणजे माझ्या निवट्यांची पावती, असं मास्तर सगळ्यांना सांगायचे. पुढं कळलं की जुजे मिस्त्री सगळ्याच माउथपीसमध्ये मासा कोरायचा. मास्तरांनी हार मानली नाही. म्हणाले, म्हणजे सगळ्यांकडून निवटेच घेत असणार.

आता मूळ गोष्टीवर येतो.

मास्तरांचा मुलगा विलास. तळोज्याला एका केमिकल कंपनीत फिटर, बावीस वर्षं एकाच ठिकाणी. सरळ माणूस, दारू नाही, आरडाओरडा नाही, पण बापाशी बोलणं नाही. जमिनीचे पैसे आले तेव्हा चुलतभावांनी गाळे घेतले, गाड्या घेतल्या. मास्तरांच्या वाटणीचं काकूंच्या आजारपणात गेलं. काकू गेल्या त्याच्या वर्षश्राद्धाला कशावरून तरी विषय निघाला आणि विलास ताटावर बसल्या बसल्या, आवाज न चढवता बोलला. "सगळ्यांनी काय ना काय केलं, बाबा. तुमी आयुष्यभर फुंकलं. त्यातनं काय आलं, मना एक आकडा सांगा."

दोन दिवसांनी मास्तर बँडच्या खोलीत माझ्या शेजारी बसले असताना म्हणाले, पद्या, या माउथपीसची किंमत करायची. मी म्हणालो, करा की, तुमच्याएवढं कोणाला कळतं. ते म्हणाले, मी केलेली त्याला चालणार नाय. परक्याच्या तोंडनं यायला पाहिजे.

परकं तोंड शोधायचं काम मी अंगावर घेतलं. माझ्याकडे फोन होता. मास्तर वाजवतायत, मग माउथपीस जवळून, मग आतला मासा, असा व्हिडिओ काढून नेटवर टाकला आणि खाली माझा नंबर देऊन लिहिलं, किंमत सांगा. अर्ध्या व्हिडिओत माझा अंगठा आहे. पहिल्या दिवशी उत्तरं आली ती अशी: पन्नास रुपये. काका, ही चिलीम आहे का. अंगठ्याचे किती. मी मास्तरांना वाचून दाखवली नाहीत.

बँडला काम नसलं की मी रिक्षा चालवायचो. तिसऱ्या दिवशी रिक्षाच्या रांगेत उभा, फोन वाजला. बाई होत्या. नाव रीटा, मुंबईत राहतात, स्वतः सॅक्सोफोन वाजवतात आणि जुने माउथपीस घेतात-विकतात. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा, अंगठ्याआड अर्धा दिसतो तो मासा डावीकडं तोंड करून आहे का. मी म्हटलं, मॅडम, बघावं लागेल, पण मासा आहे. मग त्या भराभर बोलायला लागल्या. जुन्या काळी मुंबईचे मोठे मोठे वाजवणारे पनवेलला येऊन त्या मिस्त्रीकडून माउथपीस करून घ्यायचे. आता असे पाच-सहा उरलेत, आणि सगळ्यांवर नंतर कोणी ना कोणी कानस मारलेली. मिस्त्रीनं सोडला तसाच्या तसा त्यांनी अजून एकही बघितला नाही. कोणाची कानस लागलेली नसेल तर दीड लाखाला घेणारे आहेत.

मी रिक्षा तिथंच सोडली. खरंच सोडली, आत बसलेलं गिऱ्हाईक सुद्धा तसंच. विचुंब्यापर्यंत दुसऱ्याच्या रिक्षानं गेलो, हे मला त्याला भाडं देताना लक्षात आलं.

मास्तर ओट्यावर लसूण सोलत होते. मी सांगितलं. त्यांनी हातातली पाकळी पूर्ण सोलली, ताटलीत ठेवली, म्हणाले परत सांग. परत सांगितलं. मग बोटांवर काहीतरी मोजायला लागले. दोन्ही हातांची बोटं झाली, पायाच्या बोटांकडे बघायला लागले. दीड लाखाच्या हळदी करत होते. ते जमेना तेव्हा एकदम हसले, दोन दात पुढं आले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. "विलासला तू सांगू नको," म्हणाले. "बाईच्या तोंडनं त्याला ऐकू दे."

रविवार ठरला, अकरा वाजता. विलासनं विचारलं कशाला बसू मी, मास्तर म्हणाले पावणे येणार हायत. गल्लीत बातमी फुटली, ती मीच फोडली. दीड लाखाचे संध्याकाळपर्यंत पाच झाले, त्यातले दोन मी वाढवले. शेजारच्यांनी खुर्च्या दिल्या. मास्तर आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातून दाढी करून घ्यायला सलूनमध्ये गेले, शनिवारी दुपारी. आंघोळ आल्यावर करायची म्हणून बंडी खुंटीवर, माउथपीस तिच्या खिशात, आणि घर राखायला मी.

आता जे झालं ते मी सांगितलं नाही तरी दुसरा कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो.

बँडमध्ये झांजेशिवाय माझं एक काम होतं. दसऱ्याला सगळी वाद्यं पूजेला लागतात, ती घासायचं काम माझं. चिंच, राख, गरम पाणी, आणि जिथं डाग जात नाही तिथं झिरो नंबरचा पॉलिश पेपर. आमच्या धंद्यात चमक बघून कामाची सुपारी मिळते. लोक आधी बँड बघतात, मग ऐकतात. त्यामुळे माझ्या डोक्यात एकच, की मुंबईची बाई येतेय आणि वस्तू बघा कशी, वरती पांढुरकी झालेली, दातांचे खळगे पडलेले. रीटा मॅडमनी फोनवर दोनदा बजावलं होतं, काही करू नका, आहे तसा दाखवा. पण पाहुणे असं म्हणतातच ना. काही करू नका म्हणतात, म्हणून आपण पोहे करायचे थांबतो का?

मी पातेल्यात पाणी उकळलं, चिंच टाकली आणि माउथपीस सोडला.

पाच मिनिटांनी नासक्या अंड्याचा वास आला. बघतो तर काळा माउथपीस शेवाळी झालेला. मग पॉलिश पेपर लादीवर पसरला आणि ज्या सपाट अंगाला रीड बसते ते घासलं, चोच घासली, वरून खळगे घासले. शेवाळी रंग गेला. खळगे पण गेले. खोबरेल तेल लावलं तर असा चमकायला लागला की माझं तोंड त्यात दिसलं, आणि ते तोंड अगदी खूष होतं. रुमालात गुंडाळून खिशात ठेवून दिला. मास्तर येऊन आंघोळीला गेले, मी घरी जाऊन झोपलो, आणि सांगायला लाज वाटते, मला छान झोप लागली.

रविवारी रीटा मॅडम वेळेवर आल्या. साध्या, चाळिशीच्या, खांद्याला पेटी. चहा नको आधी, आधी बघू, म्हणाल्या. विलास दाराशी स्टुलावर, मोबाईल बघत. गल्ली खिडकीत. मास्तरांनी रुमाल उलगडला. चमक बघून गल्लीतून वाहवा आली. ती पहिली नि शेवटची.

मास्तरांनी माउथपीस ओठांत घेतला. दात खळगे शोधत होते, ते सापडेनात. एकदा पुढं सरकले, एकदा मागं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बस, तेवढंच. त्यानंतर रीड ओली केली, बांधली, भोक दाबलं, हवा ओढली, हातात धरला. या माउथपीसला मी अकरापर्यंत जाताना ऐकलं होतं. एक म्हणायच्या आत टप् झालं.

रीटा मॅडमनी भिंग काढलं. मासा बघितला, त्यावर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच. मग उलटा केला आणि भिंग खाली ठेवलं. हळू आवाजात म्हणाल्या, यावर काल-परवाच काम झालंय. आता जुनी वस्तू म्हणून फार तर दोन-तीन हजार. मी खोटं बोलू शकत नाही.

विलास मोबाईल खिशात घालून उठला.

"मी घासला," मास्तर म्हणाले. "काल. डाग पडले व्हते."

मला वाटलं जमीन फाटावी. बोलायला तोंड उघडलं, पण जी रीड चिकटायला हवी होती ती सुटली आणि माझं तोंड चिकटलं. तेवढ्यात विलास दारातून मागं आला. म्हणाला, मॅडम, किती घासलंय ते मोजता येतं का. त्यांनी पेटीतून फीलर गेज काढलं, म्हणजे पातळ पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, दोन भागांमधली फट मोजायचा. विलासनं तो मागितला नाही, हातातून घेतलाच. कंपनीत त्याचं रोजचं तेच काम. भिंतीवर त्याचंच कंपनीनं दिलेलं चांगल्या कामगाराचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं होतं, ते खाली घेतलं, काच काढली, काचेवर माउथपीस पालथा ठेवला आणि एकेक पातं चोचीच्या दोन्ही कडांखाली सरकवत गेला. मॅडम बघतच राहिल्या. त्याच्या कपाळावर आठी आली.

"बाबा, हे तुमी नाय केलं," तो म्हणाला. "दोन्ही कडा सारख्या नायत, एका बाजूला जास्त खाल्लंय. घासणारा डावखुरा हाय."

अख्खी गल्ली माझ्याकडे वळली. मी चपला शोधायला लागलो, त्या पण उलट्या घातल्या. विलास माझ्याजवळ आला, मी गाल तयार ठेवला.

"पद्याकाका, पेपर कुठला वापरला?"

"झिरो नंबर."

"मग वाकडं काढता येईल," तो म्हणाला. आणि बापाकडे न बघता बापाला विचारलं, "आधी कसा वाजायचा, ते तुमच्या कानात हाय ना?"

"हाय," मास्तर म्हणाले. "पण हे पंपाचं काम नाय."

"पंपापेक्षा बारीक हाय. म्हणून विचारतोय."

रीटा मॅडम पंधरा दिवसांनी परत येते म्हणाल्या. जाताना गेज विसरल्या. मला वाटतं मुद्दाम.

त्या पंधरा दिवसांत मी रोज दुपारी तिथं जाऊन बसायचो. मला हात लावायची बंदी होती. खरंच, मास्तरांनी सांगितलं होतं, पद्या, हात मांडीखाली घालून बस. विलास पहिली पाळी संपवून यायचा, हात धुवायचा, काचेवर बारीक पेपर अंथरायचा. चार वेळा सरकवायचा, मोजायचा, मास्तरांना द्यायचा. मास्तर मालकाकडून मागून आणलेल्या सॅक्सोफोनला लावून फुंकायचे, मान हलवायचे. भांडणं सुरू व्हायची. विलास म्हणायचा दोन्ही बाजू आता तंतोतंत, यापुढं चूक निघूच शकत नाही. मास्तर म्हणायचे आकडा बरोबर असेल, आवाजाला सर्दी झालीय. विलास म्हणायचा सर्दी मोजून दाखवा. मास्तर म्हणायचे, ऐक, वरचा सूर येताना अडखळतो, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. एवढं सांगून ते तोच सूर परत परत वाजवायचे. पाचव्या दिवशी विलास मोजता मोजता थांबला. म्हणाला, आता अडखळला. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि एक भुवई वर केली. त्यांच्या पोरानं बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं वाजवणं ऐकलं होतं.

कधी कधी दोघं बोलायचे ते मला कळायचं नाही. मास्तर म्हणायचे जुजे मिस्त्री या जागी कानस मारून मग थुंकी लावायचा. विलास म्हणायचा, हां, म्हणजे पाण्यानं कण वर येतो. अर्धा तास असंच. मला झोप यायची. पण उठून जायला जमायचं नाही, इतकं ते बघण्यासारखं होतं. काकू असत्या तर झारा घेऊन बाहेर आल्या असत्या, हे दोघं एकमेकांशी बोलतायत का म्हणून बघायला.

शेवटी एका दुपारी मास्तरांनी हवा ओढली आणि माउथपीस हातात धरला. मी मोठ्यानं मोजायला लागलो, विलासनं गप्प केलं. तो आणि मास्तर मनात मोजत होते, ओठ हलत होते. टप् झालं. मास्तर म्हणाले नऊ. विलास म्हणाला नऊ. मी अकरा मोजले होते, पण मला कोणी विचारलं नाही.

रीटा मॅडम आल्या. या वेळी भिंग काढलंच नाही. आपला सॅक्सोफोन जोडला, माउथपीस बसवला आणि वाजवला. विचुंब्यात बाईमाणसाला सॅक्सोफोन वाजवताना कोणी बघितलं नव्हतं, खिडकीत दुप्पट गर्दी. त्यांनी सुरुवातीला जपून वाजवलं, मग डोळे मिटले, मग थांबायलाच तयार नाहीत. मास्तर मांडीवर बोटं चालवत होते, जणू त्यांच्याच हाताखालच्या चाव्या. थांबल्यावर त्या म्हणाल्या, हा मिस्त्रीचा आवाज नाही. यात मिस्त्री आहे, पण दुसरं कोणीतरी पण आहे. कपाटात ठेवणारा याला किंमत देणार नाही, पण वाजवणारा देईल. मी स्वतः पंचेचाळीस हजार देते, आत्ता. कोणी केलं हे काम?

मास्तरांनी विलासकडे बोट केलं. विलास त्याच वेळी बापाकडे बघत होता. दोघांचं एकाच वेळी झालं त्यामुळे दोघंही ओशाळले.

"हात माझा," विलास म्हणाला. "पण कान यांचा. कान नसता तर मी नुसतं रबर गुळगुळीत केलं असतं. असा कान आमच्या अख्ख्या कंपनीत नाय, मॅडम. मोठ्या मोठ्या मशिनी हायत आमच्याकडं, तरी नाय."

मास्तर खाली बघत होते. खूप वेळ त्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग माउथपीस मॅडमच्या हातातून घेतला.

"बाई, माझं किंमत करायचं काम झालं," ते म्हणाले. "तुमी चहा घ्या आता."

मॅडम समजल्या. चहा घेतला, पोहे पण खाल्ले. जाताना पेटीतून स्वतःचे दोन बिघडलेले माउथपीस काढून ओट्यावर ठेवले आणि विलासला म्हणाल्या, घाई नाही, पण त्या काकांना यांच्यापासून लांब ठेवा. त्या काका म्हणजे मी. तेव्हापासून त्या घरात माझी तीच ओळख.

त्यानंतर वर्षभर मास्तर होते. हळदीला जाणं बंद झालं, छातीत तेवढी हवा राहिली नव्हती. शेवटचे महिने खाटेवरच. मी अधूनमधून डबा घेऊन जायचो, माफी मागायचं अजून राहिलं होतं आणि दर वेळी मागायला गेलो की काहीतरी विनोद करून परत यायचो.

एका दुपारी सुक्या बोंबलाचं कालवण घेऊन गेलो. दार अर्धं उघडं. मास्तर खाटेवर उताणे, डोळे मिटलेले, नाकाशी नळी. विलास खाली लादीवर बसलेला, कंपनीचे कपडे अजून अंगावर. हातात सॅक्सोफोन नाही, नुसता माउथपीस. तो त्यानं तोंडात धरला आणि फुंकला. बदकाच्या पिल्लावर कोणी पाय द्यावा तसा आवाज आला. मास्तरांचा हात खाटेवरून खाली लोंबत होता, तो त्यांनी उचलला आणि चाचपत विलासच्या गालावर ठेवला.

"गाल आत ओढ," म्हणाले. "परत."

परत फुंकलं. परत तेच पिल्लू.

त्या क्षणी माझ्याकडे चार तरी विनोद तयार होते. मी डबा उंबऱ्यावर ठेवला, चपला हातात घेतल्या आणि मागं फिरलो. वळणापर्यंत आवाज येत होता. फुटका, मग फुटका, मग जरा वेळ काहीच नाही. मग एक आला तो सरळ निघाला, हलला, पण तुटला नाही, आणि त्याच्यावरून मास्तरांचा बारीक आवाज ऐकू आला.

"हां. आता तिथंच धर."